मदत हवी आहे: पायमशीनवर जाड पिशवीला टाका सुटतोय, बेल्ट उसवतोय (सांगली)

नमस्कार मंडळी,

मी सांगलीच्या गावभागात राहते. घरीच कापडी पिशव्या, बटवे, पाऊच शिवते. २०१८ च्या मार्चमध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा गल्लीतल्या चार जणी जुन्या साड्या घेऊन आल्या, "दोन-दोन पिशव्या शिवून दे" म्हणून. तिथून सुरुवात झाली. आता खण, इरकल, मांजरपाट, जुन्या जीन्स, हाताला येईल त्याच्या पिशव्या करते.

मशीन सासूबाईंचं आहे, काळं पायमशीन. २०१९ च्या ऑगस्टच्या पुरात ते आठ दिवस पाण्यात होतं. घरात छातीएवढं पाणी होतं. गाद्या गेल्या, वर्षाचा गहू गेला, लाकडी कपाट फुगून फुटलं. मशीन मात्र राहिलं. पाणी उतरल्यावर सासऱ्यांनी गाळ काढला, रॉकेलने एकेक भाग पुसला, तेल सोडलं आणि दोन दिवसांनी चाक फिरलं. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं तेव्हा. फळी तेवढी नवीन बसवली. त्यावर आजही ब्लाऊज, फॉल, उशांचे अभ्रे शिवते, टीप सरळ येते. हे सांगतेय अशासाठी की "जुनं आहे, टाकून द्या" हा सल्ला मला पटणारा नाही. दुसरा काहीच मार्ग नसेल तर मात्र स्पष्ट सांगा, ऐकेन.

अडचण जाड कामाची आहे. माझ्या मोठ्या पिशवीला बाहेरून खण, मध्ये फोम, आत सुती अस्तर आणि तोंडाशी निवारीचा बेल्ट असतो. तोंडाची पट्टी आत दुमडली की बेल्टच्या जागी सात-आठ पदर होतात. तिथे तीन-चार टाके नीट पडतात, मग एक लांब उडी, पुन्हा दोन टाके, पुन्हा उडी. वरून बघितलं तर टीप दिसते, पण ओढलं की दोरा सरळ निघून येतो. मशीन आवाजही करतं. सुई १४ ची १६ केली, टेन्शन (वरच्या दोऱ्याचा ताण) घट्ट केलं (मग दोरा तुटायला लागला), दोनदा-तीनदा टीप मारून बघितली. एकावर एक टिपा मारल्याने बेल्ट उलट कुरतडल्यासारखा झाला.

दिवाळीच्या आधी आमच्या शेजारच्या काकूंनी माझी पिशवी मंडईत नेली. पाच किलो कांदे-बटाटे होते. परत येताना एका बाजूचा बेल्ट उसवला आणि सगळं रस्त्यावर. काकू एका शब्दाने बोलल्या नाहीत. "अगं, एक टीप मारून दे फक्त" म्हणाल्या. मी पैसे परत देऊ केले, ते घेतले नाहीत. माझ्या हातची वस्तू भरवशाची नाही, हे मला फार लागलंय. त्यानंतर मी मोठी पिशवी विकलेली नाही.

आणि आता संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वाणाची ऑर्डर आली आहे. ६० खणाचे बटवे आणि २५ मोठ्या पिशव्या. बटव्यांची काळजी नाही. पिशव्यांना हो म्हणू का, हे तुमच्या उत्तरांवर ठरवणार आहे. हातात पाच आठवडे आहेत.

खणाचंही एक विचारायचं आहे. कापला की कडेने धागे सुटत राहतात. अर्धा इंच माया (शिवणीसाठी कडेला सोडलेलं कापड) ठेवते, ती शिवेपर्यंत पाव इंच होते. घरात ओव्हरलॉक (कड बंद करणारं मशीन) नाही. आणि एक पिशवी धुतल्यावर आतलं अस्तर आटलं, बाहेरचा खण तसाच राहिला, सगळी पिशवी चुण्या पडून गोळा झाली.

शेवटचं, किंमत. मोठी पिशवी मी १८० ला देते. कापड-अस्तर ७०, बेल्ट १४, चेन आणि रनर ९, फोम-दोरा १२ धरला तर १०५ होतात. उरले ७५. एका पिशवीला अडीच तास लागतात. कमी आहे हे कळतं, पण ओळखीतल्या बायकांना वाढवून कसं सांगायचं ते कळत नाही.

अनुभवी लोकांनी वेळ काढून सांगावं, ही विनंती.

---

जुना_मिस्त्री (मिरज)

ताई, मशीन विकू नका. मी तीस वर्षं हीच मशिनी उघडली आहेत. पुरातली कितीतरी पुन्हा चालू केली.

टाका का सुटतो ते आधी समजून घ्या. सुई तळाला जाऊन किंचित वर येते तेव्हा दोऱ्याचा एक छोटा फासा होतो. शटलचं, म्हणजे खाली बॉबिनभोवती फिरणाऱ्या भागाचं, टोक त्या फाशात शिरतं आणि खालचा दोरा अडकवतं. फासा झाला नाही किंवा टोक वेळेवर पोचलं नाही, की टाका गेला. जाड कापडावर दोन गोष्टी होतात. सुई वाकते आणि टोकापासून लांब जाते. किंवा मशीनचा पाय (सुईशेजारचा दाबपाय) कापड नीट दाबत नाही, सुई वर येताना कापडही तिच्याबरोबर उचललं जातं आणि फासाच होत नाही. तुमचं पातळ कापडावर नीट चालतंय, म्हणजे मूळ टायमिंग फारसं बिघडलेलं नसावं.

आता क्रमाने बघा. सुई नवीन घाला, १८ नंबर. सुईला एका बाजूला लांब खाच असते, ती दोरा जिकडून ओवता त्या बाजूला हवी. पुष्कळ घरी इथेच चूक असते. मग पायाच्या दांडीवरचा दाबाचा स्क्रू दोन फेरे आवळा. टेन्शन घट्ट करून टाका कधीच येणार नाही, ते होतं तिथे परत आणा.

एवढ्याने भागलं नाही तर शटल काढा. पुराचं पाणी बसलेलं मशीन आहे, शटल फिरतं त्या गोल खाचेत गंज असणार, तुम्ही म्हणता तो आवाज तिथलाच असेल. रॉकेलने धुवा, कोरडं करा, शिलाई मशीनचंच तेल दोन थेंब सोडा. खोबरेल घालू नका, ते थिजून चिकट होतं. शटलच्या टोकावरून नख फिरवून बघा. खरखर लागली तर झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने अगदी हलकं घासा. टोक आखूड झालं तर शटल गेलं समजा.

टायमिंग बघायचं असेल तर सुईखालची लोखंडी पट्टी काढून चाक हाताने आपल्याकडे फिरवा. सुई तळाहून साधारण दोन मिलिमीटर वर आली की शटलचं टोक सुईच्या मागे, भोकाच्या किंचित वर दिसायला हवं. तसं दिसत नसेल तर स्वतः काही ढिलं करू नका, मिस्त्रीला बोलवा.

---

धावदोरा (सातारा)

मी साताऱ्यात गेली अकरा वर्षं पिशव्याच शिवते, पायमशीनवरच. मिस्त्रीकाकांचं सगळं बरोबर आहे, पण एक सांगते: १८ ची सुई सगळ्या पिशवीला वापरू नका. खणाला भोकं दिसतात आणि ती बुजत नाहीत. अंग १४ ने शिवा, बेल्टच्या वेळी तेवढी १८ घाला. २५ पिशव्यांचे बेल्ट एकाच दिवशी लावले की सुई एकदाच बदलावी लागते.

माझं म्हणणं असं की निम्मी चूक मशीनची नाही, पिशवीच्या रचनेची आहे. आठ पदर सुईखाली यायलाच नकोत. फोम मायेत येऊ देऊ नका. शिवणीच्या रेषेपाशी तो कापून टाका, तोंडाच्या पट्टीतूनही काढा. तिथे फोम असण्यानसण्याने काही फरक पडत नाही. अस्तराची माया बाहेरच्या कापडाच्या मायेपेक्षा थोडी कमी कापा, म्हणजे सगळ्या कडा एकाच जागी चढत नाहीत. मग त्या जाड जागेवर सुती कापड ठेवून हातोडीने चार-पाच वेळा ठोका. सपाट होते, सुई सरळ जाते.

उंचवट्यावर चढताना पाय मागे कलतो, टाका तिथेच सुटतो. कात्रणाची जाड घडी करून पायाच्या मागच्या बाजूला खाली ठेवा, पाय सपाट राहील. बेल्टवर पायडल मारूच नका, हाताने चाक फिरवा. टाका मोठा ठेवा, इंचाला सात-आठ. बारीक टाक्याने बेल्टला ओळीने भोकं पडतात आणि तो तिथूनच फाटतो, तुम्ही कुरतडल्यासारखा म्हणता ते हेच.

काकूंच्या पिशवीबद्दल. बेल्ट फक्त तोंडाच्या पट्टीत एक इंच अडकवून त्यावर पाच किलो टांगायचे, हे कोणत्याही मशीनला झेपणार नाही. बाजाराच्या पिशवीला मी बेल्ट वरून खाली तळापर्यंत नेते, तळाखालून फिरवून दुसऱ्या बाजूने वर आणते. वजन बेल्टवर येतं, शिवणीवर येत नाही. हे पिशवीचा पुढचा भाग सुटा असतानाच शिवायचं, म्हणजे तिथे फक्त खण आणि बेल्ट एवढेच पदर असतात. तोंडाच्या दीड इंच खाली चौकोनी टीप आणि त्यात फुली मारा, मागे जीन्सचा तुकडा लावा. बेल्ट जास्त लागतो, पिशवीमागे अडीच-तीन मीटर तरी धरा. पण माझी एकही पिशवी बेल्टपाशी उसवून परत आलेली नाही.

वाणाच्या पिशव्यांना हो म्हणा. आधी एक पिशवी करा, सहा किलो तांदूळ भरून दाराच्या कडीला रात्रभर लटकवा. सकाळी टिपेचा दोरा जागचा हललेला नसेल तर बाकीच्या २४ करा.

---

माग_आणि_माया (इचलकरंजी)

खणाबद्दल माझ्याकडून. मूळ खण बागलकोटकडच्या गुळेदगुड्डचा, चोळीसाठी विणलेला. चोळी अंगाबरोबर वापरायची, पिशवीची ओढाताण त्याने कधी सोसलेली नाही. नक्षीचे धागे मागून मोकळे असतात, म्हणून कापला की सुटतो. उपाय एकच, कापायच्या आधी मागून पेस्टिंग (इस्त्रीने चिकटणारं कापड) चिकटवा. अख्ख्या तुकड्याला चिकटवा, मग माप टाकून कापा. कापून झाल्यावर चिकटवलं तर उशीर झालेला असतो. हल्लीच्या खणात बऱ्याचदा पॉलिस्टर असतं, इस्त्री मध्यम ठेवा, वर ओलसर सुती कापड घाला, नाहीतर चमक जाते. ओव्हरलॉकची गरज नाही. आतल्या मायेला उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावली की कड बंद होते आणि पिशवी उलटी करून दाखवली तरी सुंदर दिसते.

अस्तर मात्र शिवण्याआधी रात्रभर पाण्यात टाका, वाळवा, इस्त्री करा. सुती कापड पहिल्या धुण्यात शंभराला तीन ते पाच सेंटिमीटर सहज आटतं, पॉलिस्टर आटत नाही. दोघांची लग्नं अशी न धुता लावली की चुण्या पडणारच. अस्तराला साधं मांजरपाट पुरे. सांगलीहून इचलकरंजी जवळच आहे, एकदा येऊन दहा-बारा मीटर एकदम न्या, सुटं घेण्यापेक्षा स्वस्त पडेल.

---

धावदोरा (सातारा)

किंमतीचं राहिलं होतं. ताई, तुमच्या हिशेबाने तासाला ३० रुपये पडतात. आपला वेळ फुकट नसतो हो. माझ्याकडे घड्याळ लावून बघा म्हणणाऱ्या एक बाई होत्या, त्यांचं ऐकून मी एक पिशवी कापण्यापासून दोरे कापेपर्यंत मोजली, तेव्हा डोळे उघडले. सगळ्या पिशव्या एकदम कापा, एकदम पेस्टिंग करा, दोरा न तोडता एकामागून एक टीप मारत जा. अडीचचे दीड तास होतील. आणि नवीन बेल्टची पिशवी नवीन किमतीला द्या. जुन्या गिऱ्हाइकांना सांगा की आता बेल्ट तळापर्यंत आहे. दाखवलं की बायकांना कळतं, त्या रोज वजन उचलतात.

पीएम विश्वकर्मा योजनाही बघा. २०२३ च्या सप्टेंबरपासून आहे, १८ व्यवसायांत शिवणकाम धरलेलं आहे. प्रशिक्षणाच्या सुरुवातीला अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर मिळतं. नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं अशा एका कुटुंबातल्या एकाच माणसाला मिळतं, तेव्हा नवऱ्याच्या नावावर आधी काही घेतलंय का ते विचारून घ्या.

---

गावभागची_पिशवी (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. परवापासून तेच करत बसले आहे, म्हणून लिहायला उशीर झाला.

मिस्त्रीकाका, सुईची खाच खरंच उलटी होती! १६ ची घातली तेव्हा मीच चुकवलेली. सरळ केल्यावर चार पदरांवर टाका सुटायचा थांबला. शटल सासऱ्यांनी काढलं. खाचेत तांबूस भुकटी आणि कडेला वाळलेल्या गाळाची रेघ होती. इतकी वर्षं ती आतच होती, बघून आम्ही दोघंही गप्प झालो. धुऊन तेल सोडलं, आवाज निम्म्याने कमी झाला. टोक गुळगुळीत आहे. दाबाचा स्क्रू आवळला.

धावदोराताई, एक पिशवी तुमच्या पद्धतीने केली. पुढचा भाग सुटा ठेवून बेल्ट लावला, फुली हाताने चाक फिरवून मारली. ओळीत एकही उडी नाही. काल रात्री सहा किलो तांदूळ भरून कडीला लावली. पहाटे उठून आधी तीच बघितली. चौकोन जागच्या जागी आहे, फक्त एका बाजूला बेल्टच्या कडेचा एक टाका थोडा ताणलेला दिसतोय. दोरा माझा साधाच आहे. वर-खाली दोन्हीकडे २०/३ चा (जाड दोरा) घातला तर या मशीनला चालेल का? आणि बॉबिन केसचा छोटा स्क्रू किती सैल करायचा?

वाणाची ऑर्डर देणाऱ्या बाईंना अजून कळवलेलं नाही. आज संध्याकाळी दुसरी पिशवी लटकवते आणि उद्या फोन करते. शेजारच्या काकूंसाठी मरून खणाची एक वेगळी कापून ठेवली आहे.

---

जुना_मिस्त्री (मिरज)

चालेल ताई, १८ च्या सुईवर. बॉबिन केसच्या स्क्रूची आत्ताची जागा पेनाने खूण करून ठेवा, मग पाव फेरा सैल करा. बॉबिन दोऱ्याने धरून केस लोंबती ठेवा, हलका झटका दिल्यावर थोडी खाली सरकली पाहिजे. आपोआप घसरत गेली तर जास्त सैल झालंय. बेल्ट संपले की स्क्रू खुणेवर परत आणा, नाहीतर ब्लाऊजची टीप बिघडेल.