टूर कंपनी बुडायला आलीये, नवीन बुकिंग घेत राहू का?

ऑपरेशन्सवाली
सहा वर्षं एका टूर कंपनीत ऑपरेशन्सला आहे. तीन महिने पगार उशिरा होतोय, या महिन्याचा तर अजून पत्ताच नाही. ते मी एकवेळ सोसेन, पण खरा त्रास वेगळाय. आधी हॉटेलवाले उधारीवर खोल्या द्यायचे, आता सगळे म्हणतात आधी पैसे मग व्हाउचर. मागच्या आठवड्यात रात्री दीडला टूर लीडरचा फोन, अख्खा ग्रुप बॅगा घेऊन रिसेप्शनवर उभा आणि हॉटेल चाव्याच देईना. मागून एक लहान मूल रडत होतं ते मला फोनवर ऐकू येत होतं. सरांना फोनवर फोन केले तेव्हा कुठे पहाटे पैसे गेले, आणि ते कुठले तर आदल्या दिवशी एका आजी-आजोबांनी पुढच्या सीझनच्या टूरसाठी भरलेले. पावतीवर सही माझी. आता सर म्हणतात डिस्काउंट लावा पण पूर्ण पैसे आधीच घ्या. सोडलं तर अडकलेला पगार गेला, आणि ज्यांची बुकिंग मी घेतली त्यांच्याकडे कोण बघणार?

जुना_अकाउंटंट
ताई, अशाच कंपनीत अकाउंट्सला होतो. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर चाललंय हे. आपल्या धंद्यात पैसे आधी येतात आणि खर्च नंतर, त्यामुळे खातं भरलेलं दिसतं पण त्यातलं बरंचसं आपलं नसतंच, आणि नवीन बुकिंग कमी झालं की सगळं एकदम उघडं पडतं. थॉमस कुक बघा, १८४१ पासूनचं नाव, २३ सप्टेंबर २०१९ ला ब्रिटनमधली मूळ कंपनी बंद पडली तेव्हा दीड लाखांवर ब्रिटिश प्रवासी परदेशात होते. त्यांना सरकारने घरी आणलं, शिवाय तिकडे प्रवाशांच्या पैशांसाठी संरक्षण योजनाही होती. प्रत्येक ठिकाणी ती नसते.
आजच एक काम करा. किती बुकिंगना पीएनआर आहे पण तिकीट नंबर नाही ते काढा. पीएनआर म्हणजे फक्त जागा धरलेली, मुदतीत तिकीट इश्यू झालं नाही तर एअरलाइन ती सोडून देते. गेस्टला वाटतं तिकीट झालंय.

बॅग_भरून_तयार
मी टूर लीडर आहे, रिसेप्शनवर असा दोनदा उभा राहिलोय. एकदा स्वतःच्या कार्डावर ग्रुपचं जेवण दिलं, ते पैसे आजतागायत आले नाहीत. प्लीज स्वतःचे पैसे घालू नका, मन कितीही तुटलं तरी.

खिडकीची_सीट
लगेच सोडू नका असं माझं मत. २०२० मध्ये सगळं ठप्प झालं तेव्हा आमच्या मॅडमनी आम्हाला समोर बसवून आकडे दाखवले, पगार अर्धे केले, नवीन अॅडव्हान्स बंद, जुन्या गेस्टना हप्त्याने परत. कंपनी टिकली. सरांना सरळ विचारा की आहे त्या टूरचे पैसे कुठून येणार. उत्तर जर फक्त नवीन बुकिंग असेल तर मात्र निघा. आणि थकलेल्या पगाराचं मेलवर लेखी घ्या, तोंडी नको.

ऑपरेशन्सवाली
रात्री बसून सगळं काढलं. पुढच्या ग्रुपमध्ये ३२ जण, तिकीट नंबर फक्त १४ जणांचे. सरांना विचारलं तर म्हणाले दोन मोठी बुकिंग आली की सगळं सुटेल. मग मेल करून कळवलं की नवीन अॅडव्हान्स मी घेणार नाही, पगाराचंही त्यातच लिहिलं. आजींना फोन केला आणि सांगितलं की उरलेले पैसे भरू नका, आणि भरलेले कार्डाने होते म्हणून ते परत मिळू शकतात का हे बँकेत आत्ताच विचारून ठेवा. त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "बाळा, तुझा पगार झाला का गं?" मला बोलताच येईना.
उद्या त्या १८ जणांना फोन करायचेत.