योहान १४:६ मधील ‘मार्ग’ शेजारच्या काकूंना कसा समजावून सांगावा?

प्रश्न (सदर, नागपूर)

सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या शेजारच्या काकू वारकरी घराण्यातील आहेत. नाताळचा फराळ आमच्याकडे आणि दिवाळीचा त्यांच्याकडे, असा आमचा जुना घरोबा आहे. मागील महिन्यात माझ्या सासऱ्यांच्या अंत्यविधीला त्या आल्या असताना पाळकसाहेबांनी “मार्ग, सत्य व जीवन मीच आहे, माझ्या द्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही” हे बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानातील येशूचे वचन वाचले. घरी परतताना काकूंनी हळूच विचारले, “अगं, मग आमचं काय?” मला उत्तर सुचले नाही. वचनाला पाणी न घालता आणि काकूंना न दुखवता मी काय सांगावे?

पहिले उत्तर

ताई, हे वचन कोणत्या रात्री उच्चारले गेले, ते काकूंना आधी सांगावे. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले आहेत, त्याला धरून देणारा शिष्य यहूदा अंधारात निघून गेला आहे, पेत्र तीनदा नाकारील हेही सांगून झाले आहे आणि आपला गुरू आपल्याला सोडून चालला आहे या जाणिवेने सर्वांचा धीर सुटत आला आहे. अशा वेळी थोमा नावाचा शिष्य विचारतो की, आपण कोठे जाता हेच आम्हांला ठाऊक नाही, मग मार्ग कसा ठाऊक असणार? त्याला मिळालेले हे उत्तर आहे. अन्य धर्मांचा विषय तेथे कोणी काढलेलाच नव्हता. भ्यालेल्या माणसाला प्रभू म्हणतो, मला धरून राहा. अंत्यविधीत आपण हा अध्याय वाचतो तो याच धीरासाठी.

दुसरे उत्तर

वरील विवेचन मला मान्य आहे, तरी वचनाचा उत्तरार्ध बाजूला ठेवता येणार नाही, असे नम्रपणे नमूद करतो. यरुशलेमेच्या मंदिरात परमपवित्रस्थानापुढे, म्हणजे देवाच्या सान्निध्याच्या सर्वांत आतल्या खोलीपुढे, पडदा असे आणि त्यापलीकडे केवळ मुख्य याजक, तोही वर्षातून एकदाच, जाई. येशूने प्राण सोडला तेव्हा तो पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असे मत्तय २७:५१ सांगते, आणि इब्री लोकांस पत्राच्या १० व्या अध्यायात यालाच ‘नवीन व जीवनयुक्त मार्ग’ म्हटले आहे. जो मार्ग त्याने स्वतःच्या देहाने उघडला, तो त्याच्यावाचून कसा सापडेल? मात्र कोण आत आणि कोण बाहेर याची यादी करण्याचे काम त्याने आपल्याकडे दिलेले नाही. “तारण पावणारे थोडेच आहेत काय?” असे एकाने विचारले (लूक १३:२३), तेव्हा प्रभूने संख्या सांगितली नाही, अरुंद दरवाजाने आत जाण्याचा नेटाने यत्न करा, असे सांगितले. काकूंच्या प्रश्नापुढे मला तरी आधी स्वतःचीच चाल तपासावीशी वाटते.

तिसरे उत्तर

काकूंना ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्याविषयी अवश्य सांगा. १८९३ मध्ये आपल्याच नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीतील एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही तुकोबांची गोडी त्यांनी टाकली नाही. अभंग आणि कीर्तन या मराठमोळ्या वाटेनेच ते ख्रिस्ताविषयी बोलत राहिले. वारकरी घरातील बाईंना ही भाषा परकी वाटणार नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल सायंकाळी काकूंकडे जाऊन योहानाचा १४ वा अध्याय पहिल्या वचनापासून वाचला. थोमाचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी मला थांबवले आणि तो पुन्हा वाचायला लावला. “काका गेले तेव्हा मीही हेच विचारत होते,” इतकेच त्या म्हणाल्या. मग फिलिप्प “आम्हांला पिता दाखवा” म्हणतो तेथपर्यंत आम्ही पोहोचलो आणि दिवेलागणीची वेळ झाली. उरलेला अध्याय शुक्रवारी वाचायचा आहे. त्यांनीच तसे सांगितले आहे.