क्लीनअप पॅच छोटा असला तरी नीट वाचायलाच लागतो

वर कोणीतरी म्हटलंय की लिनक्स कर्नलमधले (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातले) दोन-चार ओळींचे क्लीनअप पॅच, म्हणजे कोडची साफसफाई करणारे छोटे बदल, नुसती नजर टाकून पास करावेत, त्यात बघण्यासारखं असतं काय. मला हे अजिबात पटत नाही. स्ट्रएनकॉपी (strncpy) काढून स्ट्रएसकॉपी (strscpy) घालणारा पॅचच घ्या, दोन्ही मजकूर कॉपी करणारी फंक्शनं, दिसायला एका ओळीचा बदल, पण स्ट्रएनकॉपी बफरच्या (मजकूर ठेवायच्या जागेच्या) उरलेल्या भागात शून्यं भरतं आणि स्ट्रएसकॉपी भरत नाही, मग तो बफर ज्या स्ट्रक्चरमधे आहे ते स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) असेल, आधी साफ केलेलं नसेल आणि पुढे जसंच्या तसं युजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमना, कॉपी होत असेल तर कर्नलच्या मेमरीतले जुने बाइट बाहेर गेले की हो! तिथे शून्यं भरणारं स्ट्रएसकॉपी_पॅडच (strscpy_pad) हवं. आणि हे डिफमधल्या (पॅचमधे दाखवलेल्या बदलाच्या) तीन ओळींत कधीच दिसत नाही, बफर कुठून आला नि कुठे जातो ते फाईल उघडूनच बघावं लागतं. मी तर पॅचच्या मेसेजमधे "कामात बदल नाही" असं वाचलं की जास्तच सावकाश वाचते.

स्पेस-टॅबवाल्या पॅचबद्दल एवढंच की चेकपॅच (कोडची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट) ओरडतंय म्हणून चालू ड्रायव्हरमधल्या जुन्या ओळी मोडू नका, २०२० मधे त्याने ओळीची ८० अक्षरांची मर्यादा १०० केलीच आहे. उगाच हलवलेल्या ओळींमुळे पुढचा खरा फिक्स जुन्या स्टेबल व्हर्जनला सरळ लागत नाही. नव्या लोकांनी स्टेजिंगमधे (अजून पक्क्या न झालेल्या ड्रायव्हरच्या भागात) अशी साफसफाई जरूर करावी, शिकायला ती जागा फार छान आहे, फक्त एका पॅचमधे एकच गोष्ट ठेवा आणि नुसतं कंपाइल केलंय की हार्डवेअरवर चालवून बघितलंय तेही लिहा.