नांग तालुंगमध्ये कीबोर्ड वाजला म्हणून ते बाटले काय?

पूर्वरंग (धागाकर्ता)

थायलंडमधील छायाबाहुल्यांचा विषय निघाला की जाणकार मंडळी बहुधा एकाच सुरात बोलू लागतात. मध्य थायलंडचे 'नांग याई' म्हणजे अभिजात, शुद्ध आणि जपण्याजोगे. दक्षिणेचे 'नांग तालुंग' म्हणजे इलेक्ट्रिक गिटार, कीबोर्ड आणि पांचट विनोदांनी बाटलेली जत्रेतली करमणूक. ही मांडणी मला साफ उलटी वाटते आणि ती का, हे सांगण्यासाठी हा धागा काढला आहे.

ज्यांनी हे प्रकार पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. नांग याईमध्ये कातड्यावर कोरलेले, कधी कधी माणसाहूनही उंच असे चित्र दोन काठ्यांच्या आधाराने उचलून नर्तक पांढऱ्या पडद्याच्या मागे आणि पुढेही नाचतो. चित्राचे हातपाय हलत नाहीत. सगळी हालचाल नर्तकाच्या पावलांत असते. संवाद म्हणणारे निवेदक वेगळे, पिपाट हा वाद्यवृंद वेगळा आणि कथा रामाकियेनची, म्हणजे थाई रामायणाची. अयुथ्थयाच्या पंधराव्या शतकातील राजवाड्याच्या नियमांतही या खेळाचा उल्लेख सापडतो. एवढा लवाजमा राजवाडा किंवा एखादा मोठा मठच पोसू शकत होता. आज जुने संच आणि खेळ करणारी मंडळी ठळकपणे तीन मठांतच उरली आहेत: राचबुरीचा वाट खानोन ('वाट' म्हणजे मठ), सिंगबुरीचा वाट सवांग आरोम आणि रयोंगचा वाट बान डोन.

नांग तालुंगमध्ये 'नाई नांग' नावाचा एकच माणूस उंचावरच्या छोट्या मांडवात पडद्यामागे बसतो. पडद्याच्या तळाशी केळीचा सोट आडवा टाकलेला असतो आणि बाहुल्यांच्या काठ्या त्यात खोचून ठेवता येतात. राजा, राणी, राक्षस, विदूषक हे सगळे आवाज त्याचेच. सुरुवातीला ऋषी येतो, मग नंदीवर बसलेला शंकर, मग वंदन म्हणणारा राजपुत्र आणि त्यानंतर आजची कथा कोणती ते सांगणारा सूचक. एवढा पूर्वरंग झाला की पुढे नाई नांगला मोकळीक असते. नव्या कथा रचल्या जातात, त्यांत भ्रष्ट अधिकारी येतात, रबराचे पडलेले भाव येतात. काळाकुळकुळीत थेंग आणि हातात अडकित्ता घेतलेला, गळ्याखाली पोळी लोंबणारा नुई हे विदूषक राजकारण्यांची अशी खिल्ली उडवतात की अग्रलेखाला ते जमणार नाही.

माझे म्हणणे असे की, जी कला आजच्या माणसाला आजच्या गोष्टींवर हसवू शकते तीच जिवंत आहे. नांग याईची आपण पूजा करतो, पण त्यात नवे काही घडत नाही. कीबोर्डला नाके मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की, नांग तालुंगचा दिवाही तेलावरून गॅसबत्तीवर आणि तेथून विजेच्या बल्बवर आला, तेव्हा शुद्धतेच्या नावाने कोणी गळा काढला नव्हता.

शिल्पवेडी

धागाकर्त्यांनी नांग याईला परस्पर संग्रहालयात नेऊन बसवले आहे, त्यास माझा ठाम विरोध आहे. वाट खानोनचा संच पाचव्या रामाच्या (राजा चुलालोंगकोर्न; थायलंडच्या चक्री घराण्यातील राजांना क्रमाने 'राम' म्हणतात) कारकिर्दीत तेथील मठाधिपतींनी गावच्या कारागिरांना हाताशी धरून तयार करवला. त्यात 313 चित्रे आहेत. ती झिजू लागली तेव्हा राजकन्या सिरिंधोर्न यांच्या पुढाकाराने 1989 पासून शिल्पाकोन विद्यापीठाच्या साहाय्याने सगळ्या संचाची नवी प्रत कोरण्यात आली आणि हे काम 1995 मध्ये पूर्ण झाले. जुनी चित्रे मठातच जतन झाली आणि खेळ नव्या चित्रांवर होऊ लागले. याला मी जतन आणि प्रयोग यांची शहाणी विभागणी म्हणेन. आसपासच्या वस्तीतली मुले तेथे पावले शिकतात आणि शनिवारी सकाळी खेळ करतात. मुले शिकत आहेत तोवर त्या कलेत 'काही घडत नाही' असे म्हणणे अन्यायाचे आहे.

जतन करणे हे दुय्यम काम आहे, असा जो सूर आपल्या लेखनात आहे, त्यावर एक उदाहरण देते. दुसऱ्या रामाच्या काळात घडवलेल्या 'फ्रा नाखोन वाई' या दरबारी संचाचा मोठा भाग 1960 मध्ये बँकॉकच्या सरकारी नाट्यगृहाला लागलेल्या आगीत जळाला. तो आता कोणत्याही विनोदी संवादाने परत येणार नाही.

शिवाय नवेपणा कशाला म्हणायचे? नांग याईच्या पूर्वरंगात पांढऱ्या आणि काळ्या वानराचे भांडण असते आणि ऋषी ते मिटवतो. एकाच प्रसंगात दोन मुले पावलांचा जोर, वळण आणि थांबण्याची जागा किती निराळ्या तऱ्हेने घेतात, हे ज्याला दिसत नाही त्याला तेच तेच वाटणार. 'खोन' हा मुखवट्यांचा नृत्यप्रकार 2018 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला आणि त्याच्या पावलांची उगमस्थाने शोधणारे अभ्यासक नांग याईकडेही बोट दाखवतात.

शब्दवेल्हाळ

माझा आक्षेप वेगळ्या अंगाने आहे. नांग तालुंगमध्ये वाद्ये बदलली याचे मला दुःख नाही. पण वाद्यांबरोबर ऐकणाऱ्याचा कान बदलला त्याचे आहे. या खेळात राजघराण्यातील पात्रे मध्य थायलंडची प्रमाणभाषा बोलतात आणि विदूषक दक्षिणेची बोली. निम्मी गंमत या दोन भाषांच्या टकरीत आहे. शिवाय नाई नांगची खरी परीक्षा पद्यात होते: पहाट कशी झाली, अरण्य कसे होते, नायिका कशी रडली, हे त्याने वृत्तात बसवून गायचे, तेही समोरच्या श्रोत्यांचा रंग पाहून. 'थाप' हा हाताने वाजवायचा ढोल, घंटा आणि 'पी' हे सनईसारखे वाद्य यांच्या साथीत त्या शब्दांना जागा मिळत होती. ध्वनिक्षेपकाच्या भिंतींतून ड्रमसेट वाजू लागला की पहिला बळी पद्याचा जातो. पूर्वी पहाटेपर्यंत चालणारा खेळ काही तासांवर आला, तेव्हा कापण्यासारखे काय सापडले? वर्णनाचे पद्यच. विनोद मात्र जसाच्या तसा राहिला.

तेव्हा 'लोक हसतात' ही जिवंतपणाची कसोटी मला अपुरी वाटते. लोक आणखीही बऱ्याच गोष्टींना हसतात.

तळकोकणी

शब्दवेल्हाळ यांच्या भाषेच्या मुद्द्यावर थोडे आपल्याकडचे. कर्नाटकातील किळ्ळेक्यात आणि तमिळनाडूतील मंडिकर हे चामड्याच्या बाहुल्या खेळवणारे समाज घरात मराठीची एक बोली बोलतात, पण खेळ कन्नड किंवा तमिळ भाषेत करतात. म्हणजे प्रेक्षकासाठी खेळाची भाषा आमूलाग्र बदलूनही कला टिकल्याचे उदाहरण मराठी माणसाच्या घरातच आहे. ईशान्य थायलंडमध्येही तेच झाले. तेथील 'नांग प्रामोथाई' नांग तालुंगपासून निघाले, पण तेथे खाएन हा बांबूच्या नळ्यांचा तोंडाने फुंकायचा बाजा वाजतो, मोलाम हे तिकडचे लोकगायन होते आणि विदूषक इसानची, म्हणजे त्याच ईशान्य भागाची, बोली बोलतो.

मात्र धागाकर्त्यांशीही मी सहमत नाही, कारण बदलल्यामुळे कला जगते हे मला पटत नाही. आमच्या कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्या, कळसूत्री आणि चित्रे दाखवून कथा सांगण्याची चित्रकथी सांभाळली. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात संग्रहालय उभे केले आणि 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मानसन्मान आला, पण पूर्वी ज्या देवळांतून खेळाला ठरलेले बोलावणे असे, ते बोलावणे सन्मानाने परत येत नाही. दक्षिण थायलंडमध्ये नेमके तेच बोलावणे शाबूत आहे. तेथे नवस फेडायला नांग तालुंग ठेवतात. नवस पुरा झाला हे देवतेपुढे सांगून त्याचे बंधन तोडण्याचा विधी नाई नांगच करतो आणि त्या वेळी समोर चार माणसे नसली तरी त्याची बिदागी चुकत नाही. मठांच्या जत्रांची बोलावणी असतात ती वेगळीच. विनोद, कीबोर्ड ही वरची सजावट झाली. खालचा पाया नवसाचा आहे.

सीमापार

सीमेपलीकडे मलेशियाच्या केलांतान राज्यात याच कुळातील 'वायांग कुलित सियाम' रामकथाच सांगत होते. 1990 मध्ये तेथे इस्लामवादी पक्षाचे सरकार आले आणि हिंदू पुराणकथा व पूर्वपूजा यांमुळे या खेळावर बंदी आली, जी पुढे अटी घालून सैल झाली. तेथील कलावंत परंपरानिष्ठही होते आणि प्रेक्षकप्रियही. दोन्ही गुण असूनही सरकारी परवान्यापुढे त्यांचे काही चालले नाही. म्हणून वरची संपूर्ण चर्चा थायलंडच्या अनुकूल राज्यव्यवस्थेत शक्य झाली आहे, एवढे तरी ध्यानात असू द्यावे.

पूर्वरंग (धागाकर्ता)

सीमापार यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण त्याने माझ्या म्हणण्याला बाध येत नाही. परवाना हवाच, प्रश्न परवाना असताना काय करायचे याचा आहे.

तळकोकणी यांनी नवसाचा पाया दाखवला, तो मला मान्य आहे. पण नवस बोलणाऱ्याला दहा नाई नांग उपलब्ध असताना तो एकालाच का बोलावतो, याचे उत्तर पुन्हा त्याच्या थेंग आणि नुईपाशी येऊन थांबते. विदूषकाचे कातडे शंकराच्या चित्राइतक्याच सोवळ्याने सांभाळले जाते, हे विसरू नये. मृत गुरूच्या किंवा वडीलधाऱ्याच्या तळपायाची त्वचा, त्यांची संमती आधी घेऊन, विदूषकाच्या ओठावर डकवण्याची जुनी प्रथा नोंदलेली आहे. बोलका ओठ म्हणजे गुरूचा वारसा, इतकी त्या हसवण्याची प्रतिष्ठा. त्याला 'पांचट' म्हणणारे आपण कोण?

शब्दवेल्हाळ

त्या ओठाचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. गुरूची त्वचा ज्याच्या ओठावर आहे त्याने गुरूचे पद्य का टाकावे?

नाखोन सी थम्मरातचे सुचार्त सप्सिन यांना 2006 मध्ये राष्ट्रीय कलावंत हा किताब मिळाला. त्यांनी राहत्या घरी संग्रहालय थाटले, कातडे कोरायला शिकवले आणि तेथेच खेळही दाखवले. जतन आणि प्रयोग एकाच अंगणात कसे नांदतात ते त्यांनी दाखवले, त्यामुळे शिल्पवेडी आणि धागाकर्ते यांच्यातील भांडण मला तितकेसे खरे वाटत नाही. कोरणे शिकायला येणारा विद्यार्थी घडतो, कारण त्याची बाहुली पर्यटकही विकत घेतो. गाणारा विद्यार्थी घडायला वर्षानुवर्षे गुरूच्या मागे पडद्याआड बसावे लागते आणि त्या वर्षांचा खर्च नवस बोलणारा देत नाही, मठ देत नाही आणि प्रेक्षकही देत नाही. कीबोर्डवाला तर रात्रीचे पैसे रात्रीच घेऊन जातो. धागाकर्त्यांनी त्या विद्यार्थ्याची सोय कोण करणार, यावर लिहावे.