एम६ साठी फास्ट वाइड लेन्स: २८ की ३५?

रीळवेडा
नमस्कार मंडळी. माझ्याकडे जुना लायका एम६ आहे, फिल्मचा रेंजफाइंडर कॅमेरा (लेन्समधून न बघता बाजूच्या खिडकीतून, म्हणजे फाइंडरमधून बघायचं आणि दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा), ०.७२ मॅग्निफिकेशनच्या फाइंडरवाला, आणि त्यावर ५० मिमी एफ २ ही एकच लेन्स. दिवसा काही तक्रार नाही. पण गणपती जवळ आले की नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू होतो, मग विसर्जनाची रात्र, लक्ष्मी रोडला उभं राहायला जागा नसते तिथे ५० घेऊन मागे तरी किती सरकणार, मागे पण माणूसच असतो. म्हणून वाइड (कमी मिमीची, जास्त जागा मावणारी) हवी आणि अंधारात चालेल अशी, म्हणजे फास्ट (एफचा आकडा लहान, प्रकाश जास्त) हवी. एचपी५ ही काळी-पांढरी फिल्म आयएसओ १६०० ला पुश करतो (कमी प्रकाशात काढून जास्त वेळ डेव्हलप करतो). डोक्यात तीन आहेत, फोक्टलँडरची नॉक्टन ३५ १.४, त्यांचीच अल्ट्रॉन २८ एफ २, नाहीतर पैसे साठवून झाइसची डिस्टॅगॉन ३५ १.४. लायकाच्या महागड्या समिलक्सचं नाव काढू नका, मला घरात राहायचंय. चष्मा आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिरकस_उजेड
प्रकाश टाकला असता तर एफ २ वरच भागलं असतं की :)
चष्म्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण माझ्या मते सगळं तिथेच ठरतं. ०.७२ च्या फाइंडरमध्ये २८ ची फ्रेम (फोटोत काय येईल ते दाखवणारी चौकट) पार कडेला असते, चष्म्यातून चारही बाजू एकदम दिसत नाहीत, डोळा फिरवत बसावं लागतं. हॉटशूवर (वरच्या फ्लॅशच्या खाचेत) वेगळा फाइंडर लावता येतो पण मग फोकस एका खिडकीतून आणि फ्रेम दुसरीतून, गर्दीत धक्के खात हे कोण करणार. ३५ ची फ्रेम बऱ्यापैकी दिसते. माझं मत नॉक्टनला, २०० ग्रॅमच्या आत-बाहेर वजन आणि फाइंडरमध्ये मधे मधे येत नाही. डिस्टॅगॉन १.४ ला पूर्ण उघडी ठेवली तरी मस्त धारदार आहे पण जवळजवळ ३८० ग्रॅमचा धोंडा, आणि फ्रेमचा खालचा कोपरा झाकते.

लालदिवा
असहमत. १.४ खरंच हवी का? ३५ ला १.४ वर दोन मीटरवरचा माणूस घेतलात तर जेमतेम फूटभर खोली फोकसमध्ये राहते, आणि ढोलवाला काय एका जागी उभा नसतो. त्याऐवजी २८, एफ २, फोकसची रिंग तीन मीटरवर ठेवून द्या, साधारण अडीच ते पावणेचार मीटर सगळं चालून जातं, फाइंडरला डोळा लावायची पण गरज नाही. मग कडा दिसल्या काय न दिसल्या काय.
आणि नॉक्टनच्या पहिल्या आवृत्तीत फोकस शिफ्ट आहे. १.४ ला बरोबर बसतं, पण छिद्र २.८-४ पर्यंत लहान केलं की फोकस मागे सरकतो, रेंजफाइंडरमध्ये ते दिसतच नाही, निगेटिव्ह धुतल्यावर कळतं. शिवाय सरळ रेषा फुगतात, वाड्यांचे खांब वगैरे काढणार असाल तर डोळ्याला खुपेल.

तिरकस_उजेड
@लालदिवा, शिफ्टचं मान्य, पण ते रात्री १.४-२ वरच असणार ना. एक स्टॉप (दुप्पट प्रकाश) म्हणजे शटर १/६० सेकंदाच्या जागी १/१२५. एसएलआरसारखा हलणारा आरसा नाही म्हणून रेंजफाइंडर १/१५ ला पण हातात धरता येतो असं सगळे सांगतात, खरंय, पण स्थिर राहतो तो तुमचा हात, टिपरू मारणाऱ्याचा नाही.

ओलं_कोकण
दोघांचं चालू द्या. कुठलीही घ्या पण सेकंडहँड असेल तर मोबाइलचा टॉर्च मागून मारून आतली बुरशी बघा, आमच्याकडच्या पावसात लेन्स कपाटात बंद ठेवली की संपली. मुंबईला बोरा बाजारात (कॅमेऱ्यांच्या दुकानांत) बघणार असाल तर बॉडी सोबत न्या, लेन्स इन्फिनिटीला लावून लांबच्या टॉवरवर दोन प्रतिमा जुळतात का आणि ०.७ मीटरला पण जुळतात का ते तिथेच तपासा.
आणि २८-३५ चा वाद फुकटात मिटतो हो. एम६ ला माउंटजवळ फ्रेम बदलायचा खटका आहे ना, तो ढकला, लेन्स न बदलता २८ ची आणि ३५ ची चौकट दिसते. चष्मा लावून बघा.

रीळवेडा
खटका! तो कशासाठी असतो ते कधी लक्षातच घेतलं नव्हतं. आत्ता गॅलरीत जाऊन बघितलं, २८ ला डावी-उजवी बाजू गायबच होते, ३५ पूर्ण दिसते. लालदिवा, न बघता फोटो काढणं मला जमणारं नाही, म्हणून नॉक्टन, दुसरी आवृत्ती मिळाली तर तीच. आता एससी की एमसी?

लालदिवा
एमसी, म्हणजे अनेक थरांचं कोटिंग. एससी म्हणजे एकेरी कोटिंग, जुन्या लेन्ससारखा मऊ कॉन्ट्रास्ट येतो म्हणून काहींना आवडते, पण तुमच्या फ्रेममध्ये मंडपाचे हॅलोजन आणि एलईडीच्या माळा असणार, त्यात फ्लेअर (दिव्यांची पसरणारी चकाकी) कमी असलेलीच बरी. हूड वेगळा घ्यावा लागतो, तो पण बजेटमध्ये धरा.