मदत हवी आहे: बायोमेडिकल इंजिनिअरिंगला तिसऱ्या वर्षी कोणते विषय घेऊ?

नमस्कार मंडळी,

मी बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षीचे ऐच्छिक विषय आता ठरवायचे आहेत. एका बाजूला सिग्नल प्रोसेसिंग, इमेजिंग आणि उपकरणं, दुसऱ्या बाजूला बायोमेकॅनिक्स आणि बायोमटेरियल्स. टिश्यू इंजिनिअरिंगही आहे, पण पेशी वाढवण्याच्या कामात माझं मन रमत नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. शरीररचना, शरीरक्रिया, सर्किट्स, गणित, प्रोग्रॅमिंग, सगळंच थोडं थोडं झालं. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना सर्किट माझ्यापेक्षा जास्त येतं, मेकॅनिकलवाल्यांना बलांचं गणित जास्त येतं. मग मला कोण आणि कशासाठी नोकरी देईल? घरचे म्हणतात, अजून वेळ आहे, शाखा बदलून घे.

मनाचा ओढा सिग्नलकडे आहे. सध्या ईसीजीवर, म्हणजे हृदयाच्या विद्युत सिग्नलच्या नोंदीवर, काम करतेय. छातीवरून मिळणारा सिग्नल जेमतेम एक मिलिव्होल्टचा. त्यात विजेच्या लाइनची ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण, स्नायूंच्या विद्युत सिग्नलचा गोंधळ, श्वासाबरोबर वरखाली होणारी बेसलाइन (सिग्नलची पायारेषा). हे सगळं बाजूला सारल्यावर ठोका स्वच्छ दिसतो तेव्हा इतका आनंद होतो की जेवायचंही भान राहत नाही. फिजिओनेट या वैद्यकीय सिग्नलच्या संकेतस्थळावर एमआयटी-बीआयएचचा ईसीजींचा डेटाबेस मोफत मिळतो, अर्ध्या अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी, सेकंदाला ३६० नमुने घेतलेल्या. त्यावर पॅन आणि टॉम्पकिन्स यांची १९८५ची ठोके शोधायची पद्धत पायथनमध्ये लिहून पाहिली.

एक तांत्रिक शंकाही आहे. ०.५ हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालच्या फ्रिक्वेन्सी दाबणारा) लावला की बेसलाइन छान सपाट होते. पण निदानासाठी ०.०५ हर्ट्झच ठेवायचा, असं मॅडम म्हणाल्या. दहापट खाली का जायचं?

शाखा बदलू की राहू? राहिले तर विषय कोणते घेऊ? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद १

मी रुग्णालयातल्या मॉनिटरच्या डिझाइनवर काम करतो. आधी तुझी शंका घेतो, बाकीचं उत्तर त्यातूनच निघेल.

हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडलं की ईसीजीतला एसटी भाग (ठोक्याच्या उंच टोकानंतरचा तुकडा) वर किंवा खाली सरकतो. हा भाग मंद असतो, म्हणजे त्याची माहिती खालच्या फ्रिक्वेन्सीत असते. ०.५ हर्ट्झचा साधा फिल्टर तिथे फेज, म्हणजे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींचा वेळेचा मेळ, बिघडवतो आणि मुळात सपाट असलेला एसटी सरकल्यासारखा दिसू शकतो. डॉक्टर निर्णय घेतात तो कागदावरच्या एका मिलिमीटरच्या फरकावर, म्हणजे ०.१ मिलिव्होल्टवर. नुसते ठोके मोजायचे असतील तर ०.५ बिनधास्त लाव. साठवलेल्या नोंदीवर तोच फिल्टर एकदा पुढून आणि एकदा मागून चालवला की फेजचा दोष निघून जातो. चालू सिग्नलवर मात्र ते तसं करता येत नाही, पुढचे नमुने अजून आलेलेच नसतात.

आता बघ, फिल्टर बांधणारे पुष्कळ आहेत. तो कुठे लावल्यावर निदान चुकेल हे सांगणारं माणूस टीममध्ये लागतंच, आणि ते तुझ्या शाखेतून येतं. शाखा अजिबात बदलू नकोस. पण सर्किटमध्ये मागे आहेस हे तुझं म्हणणं खरं असेल तर ती कसर भरून काढ. अ‍ॅनालॉग सर्किट आणि एम्बेडेड (उपकरणातल्या छोट्या संगणकाचं काम) हे दोन्ही विषय घे, जमलं तर इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात बसून कर.

प्रतिसाद २

वरच्या मताशी सहमत, फक्त बायोमेकॅनिक्स पूर्ण सोडू नका. एक तरी विषय घ्या. खुब्याच्या कृत्रिम सांध्याचंच उदाहरण घ्या. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ताठरपणा साधारण ११० गिगापास्कल, हाडाच्या कठीण थराचा २०च्या आतबाहेर. भार धातूच उचलतो, हाडावर ताण येत नाही, म्हणून ते झिजत जातं आणि सांधा सैल होऊ शकतो. जिवंत हाड भाराप्रमाणे स्वतःला बदलतं, ही गोष्ट धातूच्या पुस्तकात सापडत नाही.

दुसरं म्हणजे आयईसी ६०६०१ आणि आयएसओ १४९७१ ही मानकं आत्ताच चाळायला लागा. पहिलं वैद्यकीय उपकरणांच्या विद्युत सुरक्षेचं, दुसरं त्यांच्या जोखीम व्यवस्थापनाचं. मुलाखतीत ज्याला यातलं चार वाक्यं बोलता येतात त्याच्याकडे आम्ही लगेच लक्ष देतो.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. फेजचा मुद्दा आता डोक्यात बसला. एसटी बदललेल्या नोंदींवर दोन्ही फिल्टर लावून फरक मोजते. शाखा बदलायची नाही हे घरी सांगितलं. आता ईसीजीचं सर्किट स्वतः बांधून स्वतःवरच इलेक्ट्रोड लावून बघावं असं वाटतंय. चालेल ना?

प्रतिसाद १

बांध, जरूर बांध. पण पूर्ण सर्किट बॅटरीवर चालव. इलेक्ट्रोड अंगावर असताना चार्जर, घरच्या लाइनवरचा ऑसिलोस्कोप किंवा प्लगला लावलेला लॅपटॉप यातलं काहीही त्याला जोडायचं नाही. लॅपटॉपही बॅटरीवर हवा, नाहीतर डेटा ब्लूटूथने घे. प्रत्येक इलेक्ट्रोडच्या वाटेत मोठा रेझिस्टर टाक, म्हणजे सर्किटमध्ये बिघाड झाला तरी शरीरातून जाणारा करंट मर्यादित राहील. उजव्या पायाच्या ड्राइव्हच्या तारेतही (गुणगुण कमी करायला शरीराकडे उलटा सिग्नल नेणारी तार) टाक, ती बहुतेक जण विसरतात. सर्किटचं चित्र आधी इथे टाक, मी बघून सांगतो, मगच अंगाला लाव.