ज्यू डॉक्टरांना जर्मनीत काढून टाकलं तेव्हा बाकीचे डॉक्टर काय करत होते?

खानापूरचा पोरगा:
मी बेळगावात एमबीबीएस थर्ड इयरला आहे. परवा एथिक्सच्या लेक्चरला न्यूरेंबर्ग खटल्याचा विषय निघाला, नाझी छावण्यांत कैद्यांवर डॉक्टरांनी काय काय प्रयोग केले ते सरांनी नीट सांगितलं, पण त्याआधी ज्यू डॉक्टर हाकलले ह्याच्यावर एकच वाक्य. तेच डोक्यातनं जाईना झालंय. त्यांचे पेशंट असतील की, सोबत नाईट ड्युटी केलेले मित्र असतील, मग एका रात्रीत कसं काढलं? आणि कोणच काय बोललं नाही? कुणी वाचलं असेल तर सांगा.

निपाणीकर काका:
एका रात्रीत नाही गा, पाच वर्षं लागली आणि सगळं कायद्यानं, शिक्के मारून केलं. १९३३ ला तिथं ८ ते ९ हजार ज्यू डॉक्टर होते. १ एप्रिलला त्यांच्या दवाखान्यांच्या दारात वर्दीतली माणसं उभी केली, ७ तारखेच्या कायद्यानं सरकारी नोकरी गेली, २२ तारखेला विमा फंडाच्या यादीतनं नावं काढली. हे शेवटचं लई महत्त्वाचं, कारण तिथं कामगारांचा इलाज ह्या फंडातनंच व्हायचा, आपल्याकडं ईएसआय आहे बघ तसं, यादीतनं नाव गेलं की ओपीडी रिकामी. पहिल्या महायुद्धात आघाडीवर असलेल्यांना सूट होती म्हणून बऱ्याच जणांना वाटलं आपलं निभेल. मग ३० सप्टेंबर १९३८ पासून सगळ्यांचंच लायसन रद्द. ७०० च्या आसपास लोकांना फक्त ज्यू पेशंट बघायची परवानगी राहिली, तीही स्वतःला डॉक्टर न म्हणता, 'आजाऱ्यांवर उपचार करणारा' एवढंच म्हणायचं.
आता तुझा खरा प्रश्न. डॉक्टरांच्या मोठ्या संघटनांनी मार्च १९३३ मध्येच ज्यू पदाधिकाऱ्यांना बाजूला करायचं कबूल केलं होतं. पुढं जवळजवळ निम्मे डॉक्टर नाझी पक्षाचे मेंबर झाले. बेकार तरुण डॉक्टर पुष्कळ होते, त्यांना रिकाम्या जागा मिळाल्या. मला विचारशील तर सगळ्यात जास्त हेच टोचतं. जर्मन डॉक्टरांच्या संघटनेनं माफी मागितली ती मे २०१२ मध्ये, न्यूरेंबर्गलाच.

सिस्टर, चिकोडी:
लिली यानबद्दल वाच. जर्मनीतली ज्यू डॉक्टर, पाच लेकरांची आई. नवरा पण डॉक्टर पण ज्यू नाही, त्यानं १९४२ ला घटस्फोट दिला आणि ज्यू नसलेल्या नवऱ्यामुळं तिचं होतं नव्हतं ते संरक्षण गेलं. पुढं गावातनं काढलं म्हणून कासेलला राहायला गेली, तिथं दारावर नाव लावलं डॉ. लिली यान. डॉक्टर लावायचं नाही आणि ज्यू बाईनं नावात 'सारा' घालायचंच असा नियम, कुणीतरी तक्रार केली, एवढ्यावर १९४३ ला अटक. पोरं तिला छावणीत पत्रं पाठवायची, शाळेचं, घरातलं सगळं लिहायची. १९४४ ला आउशवित्झच्या छावणीत जीव गेला तिचा. मी वीस वर्षं वॉर्डात काम केलंय, ते वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही.

टिळकवाडी:
दारावरच्या पाटीवरनं छळ, हे आपल्या बेळगावकरांना वेगळं सांगायला नको.

सिस्टर, चिकोडी:
दादा, पाटीच्या भाषेवरनं आपल्याला त्रास झालाय तो खरा आहे, माझ्या माहेरच्यांनी पण सोसलाय. पण त्या बाईला मारून टाकलं. ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवू नका, विनंती आहे.

टिळकवाडी:
बरोबर आहे ताई. घाईत लिहिलं, माफ करा.

कॅम्पातला:
लुडविग गुटमनचं पण बघ. तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहराचा ज्यू न्यूरोसर्जन, १९३३ ला नोकरी गेली, मग तिथल्या ज्यू हॉस्पिटलात लागला. नोव्हेंबर १९३८ मध्ये देशभर ज्यूंवर हल्ले झाले त्या रात्री जो येईल त्याला ॲडमिट करा म्हणून सांगितलं. ६४ जण आले, दुसऱ्या दिवशी गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस, आले तर त्यांनी कुणाला नेऊ नये म्हणून ह्यानं एकेका बेडपाशी उभं राहून रोग सांगितले, ६० जण वाचले. १९३९ ला इंग्लंडला गेला आणि पाठीचा कणा मोडलेल्या सैनिकांसाठी खेळ चालू केले, तेच आजचं पॅरालिम्पिक. आपल्या सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले, त्यांनी १९७२ ला पोहण्यात सोनं जिंकलं ते ह्याच खेळांत, आणि ते जर्मनीत, हायडेलबर्गला.

खानापूरचा पोरगा:
पेटकरांचं माहीत होतं, हायडेलबर्ग माहीत नव्हतं. सिस्टर, ती पत्रं इंग्लिशमध्ये मिळतात काय?

सिस्टर, चिकोडी:
मिळतात. तिच्या नातवानं छापलीत. माझ्याकडं आहे, बेळगावला येताना घेऊन येते.